रयत हवी की नुसती जमीन?

१९०७ च्या एप्रिलमध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या नामिबियातल्या, सैन्याचे प्रमुख लुडविग फॉन एस्टॉर्फ यांनी बर्लिनला एक हिशेब कळवला. ल्युडरिट्झ बंदराला लागून असलेल्या शार्क आयलंडवर सप्टेंबर १९०६ पासून नामा या तिथल्या आफ्रिकी समाजाचे १,७९५ कैदी आणले होते, त्यांतले १,०३२ मेले. असलं जल्लादाचं काम आपण आपल्या अधिकाऱ्यांना सांगू शकत नाही, असंही त्यांनी लिहिलं. कैद्यांना त्या खडकावरून आतल्या मुलखात हलवावं अशी मागणी मिशनरीही करत होते. उपगव्हर्नर ओस्कर हिंट्रागर यांचा तिला विरोध होता, आणि त्यासाठी त्यांनी दिलेला एक दाखला लक्षात ठेवण्यासारखा आहे: ब्रिटिशांनी दक्षिण आफ्रिकेतल्या छावण्यांत हजारो बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांची, बायका-मुलं मरू दिलीच की.

वसाहतींमधल्या हिंसेची तुलना ही विद्यापीठातल्या अभ्यासकांनी काढलेली टूम नव्हे. साम्राज्यं ती आपसांत करतच होती, आणि बहुतेक वेळा स्वतःची सुटका करून घेण्यासाठी. अकरा वर्षांनी ब्रिटिशांनी तीच तुलना उलटी फिरवली. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी ही वसाहत जिंकली होती. १९१८ मध्ये जर्मनांच्या अत्याचारांच्या साक्षी गोळा करून एक सरकारी अहवाल छापला गेला, म्हणजे युद्धानंतर वसाहत जर्मनीला परत द्यायचा प्रश्नच उरू नये. वसाहत हाती पक्की झाली, मग गोऱ्या जर्मन आणि गोऱ्या दक्षिण आफ्रिकींचं गूळपीठ जमवायची वेळ आली, तेव्हा १९२६ मध्ये राजधानी विंडहुकच्या विधिमंडळाने त्याच अहवालाच्या प्रती नष्ट करण्याचा ठराव केला. ज्यांनी साक्षी दिल्या होत्या त्या आफ्रिकी माणसांना कुणी विचारायला गेलं नाही.

म्हणून 'कुणी जास्त मारले' या प्रश्नाने सुरू होणारी तुलना फारशी कामाची नसते. वसाहतीला तिथल्या माणसांची गरज होती का, असल्यास कशासाठी, आणि ती माणसं समाज म्हणून हवी होती की नुसते हात म्हणून, हे आधी विचारायला हवं. हा प्रश्न विचारला की दख्खन, काँगो, ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया आणि नामिबिया एकाच ढिगात पडत नाहीत, आणि वंशसंहार हा शब्द कुठे लागू होतो हेही बऱ्यापैकी उलगडतं.

आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून सुरुवात करू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. मागची कारणं अनेक होती: अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव, फेरपाहणीत वाढलेला सारा. पण त्यात एक कायद्याचं कारणही होतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं केली. व्याज साचत जाऊ नये हा हेतू. झालं असं की मुदत संपायच्या आत सावकार कुळाला नवा रोखा करायला लावी, जुनं व्याज नव्या मुद्दलात जाई, आणि कुळाने नकार दिला की दावा ठरलेला. कुळाच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने फासच आवळला.

नैर्ऋत्य आफ्रिकेत अठ्ठावीस वर्षांनी नेमका हाच प्रकार घडला. हेरेरो हे गुरं राखणारे लोक. १८९७ च्या बुळकांडीने त्यांचे कळप उद्ध्वस्त केले. जर्मन व्यापारी उधारीवर माल देत आणि वसुलीला गुरं नाहीतर जमीन घेत. गुरांची किंमत व्यापारीच ठरवी. गव्हर्नर थिओडोर लॉइटवाइन यांना हे थांबवायचं होतं, म्हणून १९०३ मध्ये वटहुकूम निघाला की एका वर्षात वसूल न झालेलं कर्ज बुडालं समजावं. व्यापाऱ्यांनी काय केलं असेल ते सुप्याच्या शेतकऱ्याला सांगावं लागलं नसतं. जुनी-नवी सगळी येणी वर्षाच्या आत उरकण्यासाठी ते गोठ्यांवर तुटून पडले, काही ठिकाणी शिपाई घेऊन. त्यातच नवा लोहमार्ग आणि राखीव प्रदेशांच्या आखणीची बोलणी. १२ जानेवारी १९०४ रोजी ओकाहांजात उठाव झाला. पहिल्या काही दिवसांत शंभराहून अधिक जर्मन मारले गेले, जवळजवळ सगळे पुरुष. बायका-मुलं, मिशनरी, इंग्रज आणि बोअर यांना हात लावू नये, असं हेरेरोंचे प्रमुख सॅम्युएल महारेरो यांनी बजावलं होतं आणि ते बव्हंशी पाळलं गेलं.

सुप्याच्या दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. ओकाहांजानंतर जहाजं भरून फौजा आल्या. हा फरक ब्रिटिशांच्या सौजन्याचा नव्हता. रयतवारीत सरकारचं उत्पन्नच मुळी रयतेच्या नांगरावर होतं. रयत उठली तर सारा बुडणार. म्हणून तिला जिवंत आणि जमिनीवर ठेवणं हा सरकारचा स्वार्थ होता. तो स्वार्थ किती पातळ होता हे पुढच्याच वर्षी दिसलं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. या मजुरीविरुद्ध मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने आकडे मांडून सरकारशी वाद घातला, आणि त्याच काळात बंदरांतून धान्य परदेशी जात राहिलं. माणसं लाखोंनी मेली. तरीही याला वंशसंहार म्हणावं असं मला वाटत नाही. इथे राज्यकर्त्यांचा बाजारावरचा आंधळा विश्वास होता, तिजोरीची चिंता होती, मरणाऱ्यांविषयी थंडपणा होता. पण दख्खनचा कुणबी कुणबी म्हणून नाहीसा व्हावा अशी योजना नव्हती. त्याने अपराध लहान होत नाही. अपराधांच्या जाती वेगळ्या असतात आणि त्या एकमेकांत मिसळल्या की प्रत्येकाचा पुरावा कच्चा पडतो, इतकंच.

काँगोचंही तसंच. १८८५ ते १९०८ या काळात बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या त्या राज्यात रबराचा कोटा गावागणिक ठरलेला होता. कोटा भरेपर्यंत बायकांना ओलीस ठेवत. शिपायांना दिलेल्या काडतुसांचा हिशेब लागे; गोळी शिकारीत वाया घालवली नाही हे दाखवायला मेलेल्याचा हात कापून आणावा लागे, आणि हिशेब जुळवण्यासाठी जिवंत माणसांचे हातही कापले गेले. लोकसंख्या किती घटली याचे अंदाज एक कोटीपर्यंत जातात, पण आधीची जनगणनाच नसल्याने त्यावर वाद आहे. यातला सर्वांत लहान अंदाज घेतला तरी तो नामिबियातल्या मृतांच्या कित्येक पट भरतो. पण लिओपोल्डला रबर हवं होतं, आणि रबर काढायला माणसं लागत होती. ती मरत होती ती वापरून संपल्यामुळे, पळून रानात उपाशी राहिल्यामुळे, रोगांमुळे. आकडा मोठा म्हणून वंशसंहार आणि लहान म्हणून नाही, असं १९४८ चा संयुक्त राष्ट्रांचा करार म्हणत नाही. तो विचारतो की एखादा राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू होता का. मारण्याबरोबरच गटाचा शारीरिक नाश होईल अशी जगण्याची परिस्थिती मुद्दाम लादणं हेही त्यात येतं. नामिबियाच्या बाबतीत हे दुसरं कलम जास्त महत्त्वाचं आहे, आणि वादात नेमकं तेच विसरलं जातं.

वाद बहुधा जर्मन सेनापती फॉन ट्रोथांच्या हुकमापाशी अडकतो. लोथार फॉन ट्रोथा जून १९०४ मध्ये वसाहतीत उतरले. त्याआधी पूर्व आफ्रिकेत आणि चीनमध्ये त्यांनी मोहिमा केल्या होत्या. ११ ऑगस्टला वॉटरबर्गच्या पायथ्याशी लढाई झाली. हेरेरो तिथे बायका-मुलं आणि गुरांसह जमले होते. वेढ्यातून फुटून ते आग्नेयेला ओमाहेकेच्या निर्जल वाळूत शिरले. जर्मन तुकड्यांनी पाठलाग केला, पाणवठे ताब्यात घेतले आणि वाळवंटाची कड रोखून धरली. परत यायला वाट नव्हती. २ ऑक्टोबरला ट्रोथांनी जाहीर केलं की जर्मन हद्दीत सापडलेला प्रत्येक हेरेरो, बंदूक असो वा नसो, गुरं असोत वा नसोत, गोळी घालून मारला जाईल. बायका-मुलांना आश्रय मिळणार नाही, त्यांना परत हाकललं जाईल किंवा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातील. सैनिकांसाठीच्या पुरवणीत म्हटलं होतं की बायका-मुलांच्या डोक्यावरून गोळ्या झाडाव्यात, म्हणजे ती पळतील. पळून जायचं कुठे, तर वाळवंटात.

हा हुकूम डिसेंबरमध्ये बर्लिनने मागे घ्यायला लावला. चान्सलर ब्यूलो यांनी कैसरपुढे मांडलेली कारणं अशी: तो ख्रिस्ती आणि मानवी तत्त्वांना धरून नाही, अंमलात आणणं अवघड आहे, वसाहतीचं आर्थिक नुकसान होईल आणि जर्मनीचं नाव जाईल. सेनाप्रमुख श्लीफेन यांना हेतू मान्य होता; तो तडीस नेण्याएवढं बळ आहे का, ही त्यांची शंका होती. वंशसंहार नाकारणारे याच मागे घेतलेल्या हुकमावर बोट ठेवतात: एका माथेफिरू सेनापतीने दोन महिने वेडेपणा केला, राजधानीने त्याला आवरलं, विषय संपला. लोकसंख्येच्या आकड्यांवरही त्यांचा आक्षेप असतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. युद्धापूर्वी हेरेरो ६०,००० ते ८०,००० होते हे अंदाज आहेत, मोजणी नव्हे. १९११ च्या मोजणीत १५,१३० भरले, पण काही जण सॅम्युएल महारेरोंबरोबर ब्रिटिशांच्या बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोट्स्वानात, पोचले होते, काही उत्तरेला गेले होते.

बरं, अंदाज बाजूला ठेवू. कैद्यांची नोंद जर्मन सैन्याचीच आहे. ऑक्टोबर १९०४ ते मार्च १९०७ या काळात सुमारे १५,००० हेरेरो आणि २,००० नामा छावण्यांत कैदेत होते. त्यांतले ७,६८२ मेले. म्हणजे शेकडा ४५. हे जवळजवळ सगळं त्या हुकमाच्या माघारीनंतरचं आहे, शरण आलेल्या माणसांचं आहे आणि यात बायका-मुलं पुरुषांहून अधिक होती. ल्युडरिट्झहून आत जाणाऱ्या लोहमार्गावर जानेवारी १९०६ ते जून १९०७ मध्ये २,०१४ कैदी लावले होते, १,३५९ मेले.

मेले कसे, हे तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण हेतू कागदावर क्वचित सापडतो पण कारभारात उमटतो. हेरेरोंचा आहार दूध-दह्याचा आणि मांसाचा. छावणीत मिळे तांदूळ आणि पीठ, बऱ्याचदा शिजवायला भांडं वा सरपण नसताना; तांदूळ कसा शिजवायचा हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. ताजं काहीच नाही, त्यामुळे स्कर्व्ही. आतल्या उबदार पठारावरच्या माणसांना स्वाकोपमुंड आणि ल्युडरिट्झच्या धुकट, बोचऱ्या समुद्रवाऱ्यात फाटक्या पोत्यांखाली ठेवलेलं. गळ्यात क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला. काम म्हणजे धक्का बांधणं, जहाजं उतरवणं, रूळ टाकणं, बायकाही त्यात. कैदी खासगी कंपन्यांना भाड्याने दिले जात, वोअरमान या जहाज कंपनीची तर स्वतःची छावणी होती. मृत्यूंचे आकडे दर महिन्याला वर जात होते, मिशनरी लिहून कळवत होते, कारण सगळ्यांना माहीत होतं. उपायही साधा होता: आत हलवा, मांस द्या. तो अडीच वर्षं टाळला गेला, आणि एस्टॉर्फ यांनी हलवाहलव केली तेव्हा शार्क आयलंडवर अर्ध्याहून कमी उरले होते.

इथे हिंट्रागर यांनी काढलेली तुलना प्रामाणिकपणे तपासून पाहता येते. बोअर युद्धातल्या ब्रिटिश छावण्यांत सुमारे २६,००० ते २८,००० बोअर मेले, बहुतेक मुलं. ऑक्टोबर १९०१ मध्ये मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी ३४४ इतकं चढलं होतं. पण समाजसेविका एमिली हॉबहाउस यांनी इंग्लंडमध्ये ओरड केली, संसदेत प्रश्न आले, महिलांची समिती पाहणीला गेली, छावण्या लष्कराकडून मुलकी खात्याकडे आल्या, आणि १९०२ च्या मे महिन्यात ते प्रमाण हजारी वीसच्या आसपास उतरलं. मृत्यू थांबवता येत होते आणि थांबवावेसे वाटल्यावर ते थांबले. त्याच युद्धात काळ्या आफ्रिकींच्याही वेगळ्या छावण्या होत्या, तिथे नोंदले गेलेले मृत्यूच १४,००० च्या वर आहेत. त्यांच्यासाठी तशी ओरड झाली नाही. म्हणजे हिंट्रागर यांची तुलना अगदीच खोटी नव्हती. फक्त ती जिथे त्यांच्या अंगावर उलटते, तिथे त्यांनी ती थांबवली.

माणसं समाज म्हणून हवी होती की हात म्हणून, या प्रश्नाचं उत्तर नैर्ऋत्य आफ्रिकेत कायद्यातच लिहिलेलं आहे. लॉइटवाइन आणि अनेक वसाहतवाले ट्रोथांच्या विरोधात होते ते मजूर आणि गुरं हातची जातील म्हणून. हेरेरोंना राजकीय दृष्ट्या मारावं, पण मजूर म्हणून ठेवावं, हा त्यांचा आग्रह. डिसेंबर १९०५ पासून हेरेरोंची आणि पाठोपाठ नामांची सामायिक मालमत्ता जप्त झाली. १९०७ च्या नियमांनी गव्हर्नरच्या परवानगीशिवाय आफ्रिकी माणसाला जमीन घेता येईना, गुरंही ठेवता येईनात. सात वर्षांवरच्या प्रत्येकाला पास सक्तीचा झाला. गुरांवरच ज्यांचं लग्न, वारसा, पूर्वजांची पूजा उभी होती, त्यांच्याकडून गुरं काढून घेणं म्हणजे काय ते हे नियम करणाऱ्यांना पुरतं कळत होतं. युद्धाआधी साधारण साडेचार हजार गोरे असलेल्या वसाहतीला कुरणं हवी होती, त्या कुरणांवरचा समाज नको होता, आणि त्या समाजातून सुटे झालेले हात चालणार होते. टास्मानियात ब्रिटिशांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी १८२८ मध्ये लावलेला लष्करी कायदा, १८३० मध्ये सव्वादोन हजार माणसांची रांग बेटभर फिरवणं, मग उरलेल्या मूळ रहिवाशांना फ्लिंडर्स बेटावर नेणं आणि १८४७ मध्ये तिथून फक्त ४७ जिवंत परत येणं, ही याच घराण्यातली गोष्ट आहे. तिथे तर मजूरही नको होते. त्यासाठी ब्रिटनहून कैदी आणलेलेच होते.

मग नाझींचं काय? गेल्या पंचवीस वर्षांत विंडहुकपासून ऑश्वित्झपर्यंत सरळ रेघ ओढायची पद्धत जर्मन इतिहासकारांच्या एका गटात रूढ झाली. तिच्यातले काही धागे भक्कम आहेत. ऑयगेन फिशर यांनी १९०८ मध्ये या वसाहतीतल्या रेहोबोथच्या मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेतली, त्यावर वंशशास्त्राची कारकीर्द उभारली, १९२७ पासून बर्लिनमधली मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था चालवली. जर्मनीतल्या राइनलँडमधल्या मिश्र वंशाच्या मुलांच्या सक्तीच्या नसबंदीत १९३७ मध्ये त्या संस्थेचे लोक होते. हेरेरो युद्धात तुकडी चालवलेले फ्रांत्स फॉन एप पुढे बव्हेरियाचे नाझी प्रमुख झाले. १९०५ मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेत मिश्र विवाहांवर बंदी आली. याउलट, नाझी नेता हर्मान ग्योरिंगचे वडील इथले पहिले राजप्रतिनिधी होते हे वाक्य प्रत्येक लेखात येतं आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. ते १८९० मध्येच निघून गेले होते.

पण सरळ रेघ ओढणाऱ्यांना एका साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम यांच्या वसाहती मोठ्या, त्यांची हिंसा दीर्घ. मग त्यांच्या घरात ऑश्वित्झ का उभं राहिलं नाही? मध्ये पहिलं महायुद्ध, पूर्व आघाडी, पराभव, युरोपातला जुना ज्यूद्वेष, १९३३ नंतरचं राज्य, इतकं सगळं आहे. वसाहतीने एक गोष्ट नक्की दिली: एक अख्खा समाज नाहीसा करणं हे सरकारी कामकाज म्हणून करता येतं, त्याची खाती मांडता येतात आणि त्यावरून कुणाची नोकरी जात नाही, हा अनुभव. फॉन ट्रोथांना कैसरने सन्मानपदक दिलं. डिसेंबर १९०६ मध्ये जर्मन संसद, राइशटाग, बरखास्त झालं तेही या युद्धाच्या पुरवणी खर्चावरून, आणि पुढच्या महिन्यातल्या निवडणुकीत युद्धावर टीका करणाऱ्या सोशल डेमोक्रॅटांच्या जागा ८१ वरून ४३ वर आल्या. याहून जास्त दावा करायची गरज नाही. हेरेरो आणि नामांचे मृत्यू हे चाळीस वर्षांनी युरोपात घडलेल्या गोष्टीची रंगीत तालीम होते म्हणून महत्त्वाचे, हा सूरच मला खटकतो. त्यात आफ्रिकी माणूस पुन्हा युरोपच्या गोष्टीतलं एक पात्र होतो.

आजचा प्रश्न त्यामुळे इतिहासापेक्षा हिशेबाचा जास्त आहे. २८ मे २०२१ रोजी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हायको मास यांनी 'आजच्या दृष्टीने' हा वंशसंहार होता असं म्हटलं. हे दोन शब्द वकिलांनी घातलेले आहेत: १९४८ चा करार मागे लागू होत नाही, म्हणून कायदेशीर भरपाईची जबाबदारीही नाही. त्याऐवजी तीस वर्षांत ११० कोटी युरो, त्यातले १०५ कोटी विकासकामांना आणि ५ कोटी समेटाच्या उपक्रमांना. बोलणी दोन सरकारांत झाली. हेरेरो आणि नामांच्या पारंपरिक प्रमुखांपैकी बऱ्याच जणांनी ती मान्य केली नाहीत, कारण ते टेबलावर नव्हतेच. २०१८ च्या नामिबियन सरकारी आकडेवारीनुसार खासगी मालकीच्या शेतजमिनीतली सुमारे ७० टक्के गोऱ्यांकडे आहे. जप्तीचे ते १९०५ ते १९०७ चे आदेश म्हणजे आज चालू असलेला सातबारा आहे. आणि पैसा खर्च व्हायचा आहे नामिबियातल्या सात प्रांतांत, पाणी, वीज, रस्ते, जमीनखरेदी यांवर. ओमाहेके ओलांडून जे जिवंत पोचले त्यांचे वंशज बोट्स्वानात आहेत, काही दक्षिण आफ्रिकेत. त्या सात प्रांतांच्या यादीत ते कुठेच बसत नाहीत.